बारा चाळीसची नोंद

१

सोमवारी सकाळी नऊ वाजता पेरूच्या खोक्यातून अकरा मेलेली मेमरी कार्डं माझ्या टेबलावर आली. दहा वाजता श्याओ साहेबांनी बोलावून घेतलं आणि सांगितलं, की ती मेली त्याला मीच कारण आहे.

माझं नाव वेन चिउरोंग. शिंचू शहरातल्या या मेमरी कार्डांच्या कंपनीत एकोणतीस वर्षं मी एकच काम करते. बिघडलेलं कार्ड उघडायचं आणि ते कशानं गेलं ते सांगायचं. खरेदी विभागाचे जियान साहेब मला तोंडावर मुडदेफरास म्हणतात. मी त्यांना मागून काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही कार्डं घरगुती श्वासयंत्रांतली होती. गेल्या आठवड्यातल्या वादळात पूर्वेकडच्या डोंगरातल्या गावांची वीज गेली, यंत्रांच्या बॅटऱ्या संपल्या, आणि वीज परत आल्यावर अकरा यंत्रं सुरूच झाली नाहीत. कोणी दगावलं नाही ही देवाची कृपा. पण एका म्हातारीनं नवऱ्याच्या तोंडावर रबरी फुगा धरून तो दोन तास हातानं दाबला. दुसऱ्या दिवशी तिला जेवणाच्या काड्या धरून भात खाता येईना.

कार्डाला वीज गेल्याचं काही नसतं, अचानक गेल्याचं असतं. आपण कुठे काय ठेवलंय याची एक यादी कार्ड स्वतःजवळ ठेवतं. वीज गेली की ती यादी आधी लिहून पुरी करावी लागते. त्यासाठी कार्डावर तांदळाएवढ्या कपॅसिटरांची रांग असते. त्यांत साठलेली वीज निमिषभर पुरते, तेवढ्यात सगळं आवरायचं. यादी अर्धवट राहिली, तर वीज आल्यावर कार्डाला स्वतःचंच घर ओळखू येत नाही.

श्याओ साहेबांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "हा फेब्रुवारीतल्या चाचणीचा अहवाल, रोंगताई. नवी कार्डं भट्टीत ठेवून एकवीस दिवस, दर दहा मिनिटांनी वीज तोडली. तीन हजार वेळा. एकही मेलं नाही. आणि खाली मंजुरीचा शिक्का तुमचा."

काळपट छायाप्रत होती. शाई फुटल्यासारखी दिसत होती, पण नाव माझंच होतं.

"हा मी मारलेला नाही."

"मग काय शिक्का आपल्या पायांनी चालत आला?"

आमच्याकडे सही कोणी विचारत नाही, शिक्का विचारतात. माझा शिक्का टेबलाच्या कप्प्यात कुलपात असतो आणि किल्ली माझ्या गळ्यात.

"शुक्रवारी तीन वाजता श्वासयंत्रवाले येताहेत," साहेब म्हणाले. "माझं मत सांगतो. दोष कुआनथिंगच्या सॉफ्टवेअरचा आहे. वीज वाचवायला तो कार्डाला मध्येमध्ये झोपवतो. झोपेत असताना वीज गेली, कार्ड गेलं. सॉफ्टवेअर बदलून पाठवू आणि त्याला घरी पाठवू. तुम्ही फक्त कबूल करा, की अहवाल घाईत पाहिला."

"आणि दोष सॉफ्टवेअरचा नसला तर?"

"तर तीनशे चाळीस घरांतली यंत्रं परत आणून कार्डं बदलावी लागतील. रविवारी दुसरं वादळ येतंय, ऐकलंत ना? शुक्रवारपर्यंत सिद्ध करा. नाही जमलं तर माझं ऐका."

म्हणजे माझ्या हातात पाच दिवस होते. चुकीचं औषध गेलं, तर रविवारी पुन्हा कोणीतरी फुगा दाबत बसणार होतं.

२

दुपारी जेवणाचा डबा उघडला तोवर बातमी सगळ्या मजल्यावर झाली होती. युफेंग माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं न विचारता आपल्या डब्यातलं अर्धं अंडं माझ्या भातावर ठेवलं.

पेंग युफेंग चाचणी विभागाची प्रमुख. तिची माझी बावीस वर्षांची संगत. साडेबाराला आमच्या मजल्याचे दिवे आपोआप जातात आणि दीडपर्यंत सगळे झोपतात, तेव्हा तिची घडीची खाट माझ्या खाटेला लागून असते. अकरा वर्षांपूर्वी माझं पोटाचं ऑपरेशन झालं, तेव्हा महिनाभर माझं घर, माझी मांजर, माझं टपाल, सगळं तिनंच सांभाळलं. मला बहीण नाही. गरजही वाटली नाही.

"कबूल करून टाक," ती हळूच म्हणाली. "घाईत शिक्का मारला म्हण. एक समज देतील, संपलं. तीन वर्षांनी दोघी निवृत्त होतोय, आता कशाला भांडण?"

"पण मी मारलाच नाही गं."

"आठवत नसेल. फेब्रुवारीत किती कागद आले होते तुझ्याकडे! मलासुद्धा माझे आठवत नाहीत."

क्षणभर मलाही वाटलं, की असेल बाई. वय झालं.

"तू भट्टीत दोन दिवस तरी ही कार्डं लावून देशील का?" मी विचारलं.

"दिली असती गं. पण भट्टी दुसऱ्या मालात अडकलीये. पुढच्या सोमवारी देते."

पुढचा सोमवार वादळानंतरचा होता. मी डबा बंद केला.

संध्याकाळपर्यंत मी अकरापैकी सात कार्डं उघडली. सातही कार्डांत यादी अर्ध्यावर तुटलेली निघाली. मी कुआनथिंगला बोलावलं. सडपातळ, तिशीच्या आतला, सॉफ्टवेअरवाल्यांच्यात असतो तसा चेहऱ्यावर कायमचा जागरणाचा रंग. आज तो रंगही उतरला होता.

"ताई, मी खोका आणलाय," तो म्हणाला. "सामान भरायला. उगीच शेवटच्या दिवशी धावपळ नको."

"खोका ठेव खाली आणि हे बघ. यादी कुठे तुटलीये?"

त्यानं पाहिलं. "अर्ध्यात."

"झोपलेला माणूस अर्धी यादी लिहितो का?"

त्याला उमगायला दोन क्षण लागले. "म्हणजे कार्ड जागं झालं होतं! लिहायला लागलं होतं!"

"आणि लिहिता लिहिता वीज संपली. तुझ्या सॉफ्टवेअरनं वेळेवर उठवलं होतं रे. घरातच शिधा कमी होता."

मी खणातला हेअर ड्रायर काढला. हसू नका, आमच्या धंद्यात निम्मे शोध त्यावरच लागलेत. थंड असताना कपॅसिटरांची वीज हवी तेवढी पुरत होती. उन्हाळ्यात बंद खोलीतलं यंत्र तापतं तेवढं तापवलं, तर निम्मीसुद्धा पुरेना. कपॅसिटर नवे होते, आधीच्यांपेक्षा लहान.

मी धावत साहेबांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

"एकीकडे तुमचा केस वाळवायचा पंखा, आणि दुसरीकडे भट्टीतली एकवीस दिवसांची चाचणी. तीही याच कपॅसिटरांवरची, तुमच्याच शिक्क्याची. ग्राहक कोणाचं ऐकतील?"

तो अहवाल खोटा पाडल्याशिवाय खरं कोणी ऐकणार नव्हतं.

३

कपॅसिटर बदलले कोणी, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. मंगळवारी सकाळी मी पलीकडच्या इमारतीत जियान साहेबांसमोर उभी राहिले.

"या, मुडदेफरासबाई! आज जिवंत माणसाकडे कशा?"

"लहान कपॅसिटर तुम्ही घेतलेत."

"घेतले. स्वस्त मिळाले आणि जागाही कमी खातात. त्यासाठीच पगार मिळतो मला." त्यांनी फाइल काढून आपटली. "पण मी काय खुळा आहे? जानेवारीत लेखी चाचणी मागितली. मार्चमध्ये तुमचा शिक्का मारलेला कागद आला. मी म्हटलं, मुडदेफरासबाई साक्षात यमाला परत पाठवतात, त्यांनी पास केलं म्हणजे पास! आता तुम्हीच मला विचारायला आलात?"

बोलणं झोंबलं, कारण त्यात खोट सापडेना. स्वस्ताईचा फायदा त्यांचा होता खरा. पण खोटा अहवाल करायला जुन्या चाचण्यांच्या नोंदी लागतात, त्या चाचणी विभागाच्या संगणकावर असतात. जियान साहेबांना स्वतःचा संगणक चालू करायलासुद्धा शिपाई लागतो.

परत आले तर कुआनथिंग माझ्या खुर्चीवर बसून अहवालातला फोटो मोठा करून बघत होता. फोटो भट्टीचा होता आणि भट्टीवर हिरवी पुडी ठेवलेली होती.

ती पुडी आमच्या प्रत्येक यंत्रावर असते. मक्याच्या खाऊची, खोबऱ्याच्या चवीची, जिच्या नावाचा अर्थच ‘शहाण्यासारखं वाग’ असा आहे. पुडी हिरवीच हवी, फोडलेली नको, आणि तारीख उलटलेली तर अजिबात नको. शिळी पुडी ठेवली की यंत्र रुसतं. पीएचडी केलेली माणसंही यावर वाद घालत नाहीत. जियान साहेबांनी एकदा सर्व्हरवरची पुडी फोडून खाल्ली होती. त्या आठवड्यात तीन सर्व्हर बंद पडले आणि आजतागायत त्यांना त्या खोलीत प्रवेश नाही.

"ताई, तारीख वाचा."

वाचली. पुडी गेल्या वर्षीच्या सप्टेंबरपर्यंतच चांगली होती.

"आणि फोटो म्हणे या फेब्रुवारीतला," कुआनथिंग म्हणाला. "फेंगताई पाच महिन्यांची शिळी पुडी भट्टीवर ठेवतील? दर एक तारखेला पिशवी घेऊन सगळा मजला फिरतात त्या. गेल्या वर्षी माझी पुडी दोन दिवस जुनी निघाली तर केवढं झापलं होतं मला!"

खरं होतं. युफेंगच्या हाताखालच्या भट्टीवर शिळी पुडी राहणं शक्यच नव्हतं. म्हणजे फोटो सप्टेंबरच्या आधीचा, दुसऱ्याच कुठल्या चाचणीचा.

"कोणीतरी फेंगताईंच्या संगणकातून जुना फोटो चोरला," मी म्हणाले.

कुआनथिंग माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बघून म्हणाला, "हो ताई. चोरलाच असेल."

४

बुधवारी दुपारी मला झोप येईना. दिवे जायच्या आधीच युफेंग शेजारी भिंतीकडे तोंड करून निजली होती. मी उठून माझ्या खोलीत गेले आणि एक कार्ड तपासणीला लावलं. बारा पंचविसाला लावलं. साडेबाराला दिवे गेले, आणि त्याच क्षणी माझ्या तपासणी यंत्राचा लाल दिवाही विझला.

प्लग पाहिला. दुसऱ्या प्लगात लावलं. काही नाही.

तळमजल्यावर आ-शुई काका वीज सांभाळतात. ते खुर्चीत मान टाकून घोरत होते. मी खांदा हलवला.

"काका, तिसऱ्या मजल्याचे प्लगही बंद झालेत."

"होणारच," ते डोळे न उघडता म्हणाले. "वीज बचत. साडेबारा ते दीड दिव्यांबरोबर प्लगही जातात. नोव्हेंबरपासून. परिपत्रक काढलं होतं की."

"नोव्हेंबरपासून? कोणी तक्रार नाही केली?"

"कोण करणार? सगळे झोपलेले असतात. तुमचे लॅपटॉप बॅटरीवर चालतात." आता त्यांनी एक डोळा उघडला. "तुम्हीच पहिल्या. नऊ महिन्यांत पहिल्या."

"चाचणी विभागाची भट्टी पण याच लाइनीवर?"

"तीच लाइन. मी परिपत्रकात लिहिलं होतं, कोणाला सूट हवी असेल तर अर्ज करा. एक ओळीचा अर्ज. एकही आला नाही. म्हटलं बरं झालं, माझं काम वाचलं."

मी वर आले आणि अहवालाला जोडलेली नोंदवही उघडली. दर दहा मिनिटांना एक ओळ. फेब्रुवारीची अकरा तारीख, बारा तीस, वीज तोडली. बारा चाळीस, वीज तोडली. बारा पन्नास, वीज तोडली. एकवीस दिवस, रोज दुपारी, एकही ओळ चुकलेली नाही.

ज्या तासात भट्टीत वीजच नव्हती, त्या तासात ती सहा सहा वेळा तोडल्याची नोंद होती.

मी खाली बसले. नोंदवही गेल्या वर्षीची होती, तारखा बदललेली. पण ते आता मोठं नव्हतं. मोठं दुसरंच होतं, आणि ते मला दिसत असूनही मी पाहत नव्हते. नोव्हेंबरनंतर त्या भट्टीत कोणीही एक दिवस जरी चाचणी लावली असती, तरी पहिल्याच दुपारी ती बंद पडली असती आणि आ-शुई काकांच्या डोक्यावर आरडाओरडा झाला असता. नऊ महिने कोणी ओरडलंच नव्हतं.

५

तरीही मी मनाला समजावत होते. चाचणी झाली नाही हे खरं, पण खोटा कागद दुसऱ्यानं केला असेल. माणूस किती खुळा असतो बघा.

गुरुवारी श्वासयंत्रवाल्यांकडून मी मागवलेला मूळ अहवाल आला. छायाप्रत नव्हे, लाल शाईतला. मी कप्पा उघडून माझा शिक्का काढला, कोऱ्या कागदावर मारला आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवले. नाव तेच, आकार तोच. पण अहवालातल्या ठशाची चौकट उजव्या कोपऱ्यात तुटलेली होती. छायाप्रतीत मी ज्याला फुटलेली शाई समजले, ती शाई नव्हती.

तो कोपरा माझ्याच हातून तुटला होता. पूर्वीचा लाकडी शिक्का, स्वयंपाकघरात फरशीवर पडून. नंतर मी ऑफिससाठी शिंगाचा नवा करून घेतला आणि लाकडी घरच्या कामाला ठेवला. पोस्टात नोंदणी केलेलं टपाल शिक्का मारल्याशिवाय मिळत नाही. अकरा वर्षांपूर्वी दवाखान्यात जाताना मी तो माझं टपाल सोडवायला युफेंगच्या हातावर ठेवला होता.

परत मागितला नाही. बहिणीकडून कोणी वस्तू मोजून परत घेतं का?

शुक्रवारी साडेबाराला दिवे गेले. सगळा मजला अंधारात निजला. मी खाटेवर आडवी झाले आणि तिच्या पाठीला म्हणाले, "माझा लाकडी शिक्का कुठे आहे, युफेंग?"

तिनं पांघरूण खांद्यावरून सारलं. मग वळली. अंधारात तिचे डोळे तेवढे दिसत होते.

"भट्टी ऑक्टोबरात बिघडली," ती कुजबुजली. "दुरुस्तीचे तीन अर्ज केले, तिन्ही परत आले. मग जियानचा माल आला. तारीख गाठायची होती. बारा वर्षांत त्या चाचणीत एकही कार्ड मेलं नव्हतं, रोंग! मला वाटलं, याही वेळी नाहीच मरणार."

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तू माल अडवला असतास."

"अडवायचाच होता! म्हातारी दोन तास फुगा दाबत होती, युफेंग. आणि शिक्का? तो माझा का?"

"माझ्या शिक्क्यावर लोक दोन प्रश्न विचारतात," ती म्हणाली. "तुझ्यावर कोणी विचारत नाही."

हे तिनं इतक्या सरळपणे सांगितलं, की मला रडूच आलं. माझ्या एकोणतीस वर्षांच्या खरेपणाचा तिनं बुरखा करून घेतला होता. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, फक्त कापणारा हात इतका ओळखीचा असेल असं वाटलं नव्हतं.

"आणि कुआनथिंग? त्याला हाकलत होते आणि तू गप्प बसलीस?"

"तो तरुण आहे. त्याला कुठेही नोकरी मिळेल." मग तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. "तू काही बोलू नकोस. तीन वाजता मीच उभी राहते, मीच सांगते सगळं. एवढं मला करू दे. निदान तोंड दाखवायला जागा राहील."

मी म्हटलं, बरं. बावीस वर्षांच्या सवयीनं म्हटलं.

पण दीडला दिवे आले तेव्हा मी आ-शुई काकांना निरोप धाडला, की तीन वाजता परिपत्रक घेऊन वर या. का धाडला ते तेव्हा मलाही धड सांगता आलं नसतं.

६

तीन वाजता बैठकीच्या खोलीत श्याओ साहेब होते, जियान होते, खोका मांडीवर घेतल्यासारखा अवघडलेला कुआनथिंग होता, आणि श्वासयंत्रांच्या कंपनीच्या ओउ बाई. बाईंनी आल्या आल्या विचारलं, "आम्ही लोकांना काय सांगायचं? नवं सॉफ्टवेअर घाला म्हणून, की यंत्र परत द्या म्हणून?"

युफेंग उभी राहिली. तिनं जाकीट सारखं केलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून धीर दिला.

"झालं ते वाईट झालं," ती म्हणाली. "आमच्या बाजूनं चाचणी नियमाप्रमाणे झाली. अहवालातल्या फोटोत शिळी पुडी दिसते असं मजल्यावर कानावर आलं, तर तो टाइप करणाऱ्या मुलीनं चुकून जुना लावला असेल. अहवाल चिउरोंगकडे पाठवताना मी सांगितलं होतं, नीट बघ. तिनं न बघता शिक्का मारला. ऑपरेशन झाल्यापासून ती लवकर थकते. तिला कोणी फार बोलू नका, एवढीच विनंती आहे. कार्डं भट्टीत टिकली, म्हणजे दोष सॉफ्टवेअरमध्येच शोधावा लागेल."

खोलीत सगळे माझ्याकडे कीव केल्यासारखे बघू लागले. माझ्या पोटातली ती जुनी टाक्याची जागा खरोखर दुखली. जिनं माझ्या अंगाखालची चादर बदलली होती, तीच माझं आजारपण माझ्यावर चालवत होती.

मला वाटलं होतं मी ओरडेन. आवाज उलट अगदी शांत निघाला.

"युफेंग, एकच विचारते. चाचणी एकवीस दिवस सलग चालली?"

"सलग. रात्रंदिवस."

"दुपारीसुद्धा?"

"भट्टीला कसली वामकुक्षी!" ती हसली. जियानही हसले.

"म्हणजे एकदाही बंद पडली नाही? नीट आठवून सांग."

"एकदाही नाही. मी रोज स्वतः जाऊन बघत होते."

मी दार उघडलं. आ-शुई काका परिपत्रक छातीशी धरून उभे होते. आत येऊन त्यांनी ते वाचून दाखवलं. नोव्हेंबरची एक तारीख, तिसरा मजला, सर्व प्लग, साडेबारा ते दीड. सूट कोणालाही नाही.

"काल दुपारीही बंद होते?" ओउ बाईंनी विचारलं.

"आज पण होते, बाईसाहेब. रोज असतात."

मी नोंदवही त्यांच्यासमोर सरकवली आणि बारा चाळीसच्या ओळीवर बोट ठेवलं. "या वेळी भट्टीत वीज नव्हती. नव्हती ती तोडणार कशी? जो खरोखर चाचणी चालवतो त्याला हे पहिल्याच दुपारी कळतं. हिला आत्ता, तुमच्यासमोर कळलं. भट्टी ऑक्टोबरपासून बिघडलेली आहे, आता जाऊन बटण दाबून बघा. ही गेल्या वर्षीची नोंद आहे, तारखा बदललेली. शिक्का मात्र माझाच. जुना. अकरा वर्षांपूर्वी मी माझं टपाल सोडवायला हिला दिला होता आणि परत मागायचं मला सुचलं नाही. ती चूक माझी, ती माझ्या नावावर लिहा."

युफेंग बसली. टेबलावरच्या कपाची कड बोटानं पुसत राहिली.

"चाचणीच झाली नाही," ओउ बाई हळूहळू म्हणाल्या, "म्हणजे ही कार्डं चांगली आहेत असं कोणीच कधी पाहिलेलं नाही."

"मी पाहिलंय," मी म्हणाले. "ती चांगली नाहीत. तापली की निम्मी वीजही धरत नाहीत. सॉफ्टवेअर कितीही बदला, रविवारी ती पुन्हा मरतील."

श्याओ साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. दुरुस्तीचे तीन अर्ज परत कोणी पाठवले होते, ते त्यांना आठवत असावं. "परत आणा," ते म्हणाले. "तीनशे चाळीसही. आज रात्रीच गाड्या सोडा, सोबत जुन्या कार्डांची यंत्रं द्या. फोन करायला जेवढी माणसं आहेत तेवढी बसवा."

कुआनथिंग उठला आणि माझ्यासमोर कमरेत वाकला. जियान साहेबांनी पहिल्यांदाच मला नावानं हाक मारली आणि गाड्यांची सोय बघायला बाहेर गेले.

लिफ्टपाशी युफेंग उभी होती. पर्स छातीशी धरलेली, डोळे कोरडे. मला वळून जाता आलं असतं, पण मी थांबले.

"तू माझ्या जागी असतीस ना रोंग," ती म्हणाली, "तर मी तुझ्यासाठी खोटं बोलले असते. तुला माहीत आहे."

मला माहीत होतं. ती खरंच बोलली असती, डोळ्याची पापणी न लवता, आणि मी जन्मभर तिची ऋणी राहिले असते.

"माहीत आहे," मी म्हणाले. "पण बोलायचंच होतं तर स्वतःच्या नावानं बोलायचं होतंस."

लिफ्ट आली, ती गेली. मी आत जाऊन कुआनथिंगशेजारी बसले आणि यादीतला पहिला नंबर फिरवला. तीनशे चाळीस घरांना सांगायचं होतं, की उशाशी असलेल्या यंत्रावर रविवारच्या वादळात विश्वास ठेवू नका. पलीकडून कोणीतरी फोन उचलला आणि विचारलं, कोण बोलतंय?

मी माझं नाव सांगितलं.